पुढल्या वळणी काय घडे?

४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

टण्ण.

पहाटे अर्धवट झोपेत तो आवाज पुन्हा ऐकू आला. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाचा. साठ-पासष्ट वर्षं झाली असतील. मी जेमतेम सहा वर्षांचा, बसच्या खिडकीशी. शेजारी अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, आणि तिच्या मांडीवर निळा डबा. घाट लागला की ती झाकण उघडायची. टण्ण. थोड्या वेळानं लावायची. टण्ण. मधल्या वेळात काय व्हायचं ते आठवत नाही. डब्यात काय असायचं तेही नाही. बहुधा खाऊ. लहानपण असंच असतं, खाऊ विसरतो आणि आवाज राहतो. (वाक्य बरं जमलंय. कुठेतरी वापरावं.)

आणि त्या आवाजामागोमाग तिसरीच्या पुस्तकातली कविता :

डोंगर आला, डोंगर गेला,
वळणावरती वारा थकला;
पुढल्या वळणी काय घडे?

चौथी ओळ काही केल्या आठवेना. पण तिसरी ओळ बघा! सगळं आयुष्य आलं तिच्यात. हल्लीच्या पुस्तकांत असं काही नसतं. हल्ली नुसती चित्रं.

मुद्दा. काल अक्काचा फोन आला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलंय, फार तर दोन महिने, मग फक्त उजेड आणि अंधार कळेल. अक्का म्हणाली, "धाकल्या, तुला बघितलंय तेवढं पुष्कळ झालं. तुझ्या नातीचं तोंड बघायचंय. ते फोनवरचं नको. फोनवर मला नुसता उजेड हलताना दिसतो."

ती इकडे येण्याचा प्रश्नच नाही. घरातल्या घरात भिंत धरून चालते. मी तिथल्या तिथे शब्द दिला : याच महिन्यात नातीला घेऊन येतो. मी, स्वतः.

नातीला घरात सगळे बटण म्हणतात. नाक तसं आहे. वय आठ महिने, दात दोन, छंद एक : कशाचंही झाकण हाती लागलं की ते आपटणे. लेक आणि जावई कामावर जातात, दिवसभर बटण आमच्याकडे. म्हणजे अडचण कसलीच नाही.

हिला सांगितलं. ही चहा गाळत होती. म्हणाली, "तुम्ही? घाटातून?" मी म्हटलं, मग काय विमानातून? हिच्या हातून माझ्या चहात साखर दोनदा पडली, त्या अर्थी विचारात पडली असावी.

५ फेब्रुवारी, मंगळवार.

प्लॅनिंगला सुरुवात. मी सगळी नोकरी नकाशांच्या ऑफिसात काढली. अक्काच्या गावाला जाणारा घाट ट्रेसिंग पेपरवर मी उतरवलाय, बारीक निबाच्या पेनाने, श्वास रोखून. त्या रस्त्याच्या एकेका वळणावर माझी शाई आहे. प्रवासातलं मला कुणी काय शिकवावं?

असं हिला म्हटलं. ही म्हणाली, "त्या ऑफिसला तुम्ही रोज चालत जायचात."

बायकांना अक्षांश-रेखांश कळत नाहीत.

संध्याकाळी मोठा कागद घेऊन रस्ता काढला. कुठे थांबायचं, कुठे दूध द्यायचं, कुठे कोणती कविता म्हणायची. बटणला कवितेनं झोप येते, हा माझा अनुभव आहे. (हिचा अनुभव : झोप मला येते, बटण जागीच असते.) सपाटीवर नदीची कविता, चढावर पाखराची, घाटात अर्थातच ‘डोंगर आला’. फक्त ती चौथी ओळ मिळायला हवी. घाटाच्या मध्यावर कविता तुटली तर पोरीवर काय संस्कार होईल?

काढता काढता घाटाच्या वळणांशी आलो आणि जरा उठून खिडकीत उभा राहिलो. शाईचा वास उग्र होता.

७ फेब्रुवारी, गुरुवार. दुपार.

पहिली रिहर्सल. मूल प्रवासाला अचानक नेऊ नये, आधी सवय लावावी. झुलती खुर्ची म्हणजे बस. मी बसलो, बटण मांडीवर. हिला सांगितलं, तू रस्ता हो. म्हणजे मागून खुर्ची हलव, मध्येच खड्डा दे, वळणावर डावी-उजवी कर.

हिने खड्डे फार मनापासून दिले.

मी नदीच्या कवितेचं दुसरं कडवं संपवेपर्यंत बटणचा रंग उतरल्यासारखा वाटला. ताबडतोब बस थांबवली. पोरीला गाडी लागते की काय? मला घाम फुटला. काळजीनं. पाणी प्यायलो, जरा आडवा झालो.

ही म्हणाली, बटण टाळ्या वाजवत होती. म्हणाली, "रंग उतरला तो तुमचा. आरशात बघा."

आरशात पाहिलं. आजोबाचा चेहरा. काळजीनं ओढलेला. नातवंडावर जीव असला की असाच दिसतो माणूस.

९ फेब्रुवारी, शनिवार.

बटणला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. चालत. प्रवासाला फिट आहे असं तोंडी तरी ऐकलेलं बरं. बाईंना सगळी लक्षणं सांगितली : वळणाच्या नुसत्या विचारानं पोटात ढवळणं, डिझेलचा वास आला की कपाळ गार पडणं, तोंडाला पाणी सुटणं. बाईंनी बटणचं पोट दाबलं, कान बघितले, तिला चमचा वाजवायला दिला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आजोबा, ही लक्षणं तुम्हाला कळतात कशी? ही बोलत तर नाही."

म्हटलं, बाई, रक्ताचं नातं आहे.

बटण ठणठणीत आहे. तरी बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. घरी येऊन चिठ्ठी पाहिली तर वर माझं नाव, माझं वय. कारकुनी चूक. आमच्या ऑफिसात अशी चूक झाली असती तर अख्खं शीट फाडलं असतं. गोळ्या कपाटात टाकल्या.

१० फेब्रुवारी, रविवार.

चौथ्या ओळीसाठी जुन्या वर्गमित्राला फोन. त्याला कमी ऐकू येतं. मी ओरडून म्हटलं, "पुढल्या वळणी काय घडे?" तो म्हणाला, अपघात झाला का? कुठल्या हॉस्पिटलात आहेस? त्याच्या सुनेनं फोन घेतला, तिला सगळं समजावेपर्यंत शेजारी दारात जमले. अखेर तो म्हणाला, अशी कविता आपल्याला नव्हतीच. बिचारा. कान गेले ते गेले, स्मरणशक्तीही गेली.

मग अक्काला फोन. तिला म्हटलं, येतोच आहोत, तयारी जोरात चालू आहे. तिनं विचारलं, "नक्की कधी?" मी म्हटलं, सवय लावणं सुरू आहे, मूल लहान आहे. ती म्हणाली, "लहान तर तूही होतास."

सहज विचारलं, अक्का, तो खाऊचा निळा डबा आहे का गं अजून? फोनवर ती बराच वेळ हसत राहिली. खोकला येईपर्यंत हसली. वयामुळे होतं असं. मग म्हणाली, "आहे. खाऊचा डबा आहे अजून. ये तू."

तिचे डोळे म्हणजे...

राहू दे. बॅग भरायची आहे.

१४ फेब्रुवारी, गुरुवार.

तळमजल्यावरच्या टॅक्सीवाल्याला बोलावलं. त्याला समजावलं, ही टेस्ट आहे, पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत यायचं. तो म्हणाला, "काका, चालत पाच मिनिटं लागतात." म्हटलं, चालायची टेस्ट नाहीये ही.

बटण पुढच्या सीटवर हिच्या मांडीवर. मी मागे, खिडकी उघडी. निघालो. टाकीपर्यंत सर्व सुरळीत. बटण काचेवर थापा मारून प्रत्येक कुत्र्याला सलाम करत होती. वळसा सुरू झाला आणि टॅक्सीत कसलासा सुगंधी वास आला. आरशाला टांगलेली ती कागदी फुलं. मी म्हटलं, थांबव. तो म्हणाला, "वळणावर कशी थांबवू?" मी म्हटलं, थांबव रे बाबा.

उतरलो. फूटपाथवर जरा बसलो. बटण त्या वासानं बेचैन झाली असणार, तिला बोलता येत नाही एवढंच. उरलेला वळसा मी पायी घातला. त्या दोघी टॅक्सीतून पुढे गेल्या आणि मी पोचेपर्यंत बटणचा भातही खाऊन झाला होता.

टॅक्सीवाला पैसे घेईना. म्हणाला, "काका, लिंबू ठेवत जा खिशात." म्हटलं, आठ महिन्यांच्या मुलीला लिंबू? अडाणीपणाला काही सीमा!

१७ फेब्रुवारी, रविवार.

आज चैन नाही. सकाळपासून बॅग तिसऱ्यांदा भरली. दुपटी खाली ठेवली तर दुधाची बाटली सापडत नाही, बाटली वर ठेवली तर दुपटी ओली होतात. काढलं. पुन्हा भरलं. गॅलरीत गेलो, आलो. टाइमटेबल पाहिलं. तेच होतं. परत गॅलरीत. ही म्हणाली, "बसा हो एका जागी. तुम्हाला बघून मलाच गाडी लागली."

लेक आली बटणला न्यायला. बॅगेकडे बघून म्हणाली, "बाबा, ही बॅग तुम्ही नेणार की हमाल?" मग जरा थांबून म्हणाली, "मी रजा टाकते. मीच नेते तिला आत्याकडे. तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका."

मला लागलं ते. शब्द मी दिलाय. आईपेक्षा अक्कानंच मला वाढवलं. सुट्टी लागली की मामाकडे नेणं-आणणं, शाळेत पोचवणं, सगळं तिनं केलं. आज तिच्या दारात नात घेऊन उभं राहायचं ते मी. तू नव्हे, तुझा नवरा नव्हे.

लेक म्हणाली, "बरं. मग बुधवारी निघा. आत्याला मी कळवते." आणि माझ्यादेखत अक्काला फोन करून मोकळी झाली.

लेकीला धीर म्हणून नाही.

१९ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळ.

उद्या. सगळं जय्यत आहे. कविता पाठ आहेत. नकाशा घडी घालून खिशात आहे. जेवण गेलं नाही, पण ते आनंदानं. लहानपणीही प्रवासाच्या आदल्या दिवशी मला जेवण जायचं नाही. अक्का म्हणायची, नको जेवूस, तेवढंच कमी. काय कमी, ते कधी विचारलं नाही.

ही खिशात लिंबू घालून गेली. मी काढलं. तिनं परत घातलं. राहू दे, बटणला खेळायला.

२० फेब्रुवारी, बुधवार. घरी.

घरी, कारण काही अपरिहार्य कारणांमुळे परतावं लागलं. क्रमाने लिहितो म्हणजे पुढेमागे कुणाचा गैरसमज नको.

बस वेळेवर सुटली. ही खिडकीशी, मांडीवर बटण, मी कडेला. बटणनं पहिल्या थांब्याआत अख्खी बस जिंकली. मागच्या सीटवरच्या आजीबाईंचा चष्मा ओढला, पुढच्या माणसाच्या टकलावर तबला वाजवला. कंडक्टर तरुण होता, मिशा पिळलेला. त्यानं तिला हातातलं तिकिटाचं मशीन वाजवून दाखवलं. प्रत्येक तिकिटाला बटण हसणार आणि तो मुद्दाम पुन्हा वाजवणार.

मी नदीची कविता सुरू केली. शेजारचा म्हणाला, "आजोबा, बरं वाटत नाहीये का?" म्हटलं, कविता आहे ती.

लांबवर डोंगर दिसायला लागला. निळा. ‘डोंगर आला’ म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडाला पाणी सुटलं. मिटलं. तेवढ्यात घाटाच्या पायथ्याशी बस चहासाठी थांबली. मी बटणकडे नीट पाहिलं.

तिनं जांभई दिली.

आता, जांभई हे पहिलं लक्षण असतं. पुढे वीस-पंचवीस वळणं, एकही थांबा नाही, आणि एवढंसं मूल. मी निर्णय घेतला. असे निर्णय घरातल्या कर्त्या माणसालाच घ्यावे लागतात. बटणला उचललं आणि खाली उतरलो. ही मागून ओरडत आली, "अहो, चाललात कुठे?" म्हटलं, मुलीला त्रास होतोय. ही म्हणाली, "ती बिस्कीट खातेय!"

कंडक्टरनं दोनदा बेल दिली. म्हणाला, "आजोबा, बसताय ना? घाट म्हणजे काय, डोळे मिटून बसलात तर कळायचाही नाही." मी हातानंच त्याला जा म्हणून खुणावलं. बोलणं योग्य नव्हतं त्या वेळी. त्यानं बॅग उतरवून दिली. बस गेली. पहिल्या वळणाआड दिसेनाशी झाली आणि बटण रडली. आज दिवसभरात एकदाच रडली, ती बस गेली म्हणून.

परत येताना दुधाच्या टेम्पोनं आणलं. बटणला मोकळी हवा मिळावी म्हणून वाटभर डोकं बाहेर काढून बसलो होतो. ही पुढे ड्रायव्हरशेजारी बटणला घेऊन. लिंबू माझ्या खिशात नव्हतं. केव्हा संपलं कळलं नाही.

संध्याकाळी सातला अक्काच्या मुलाचा फोन. अक्का जेवण न करता दुपारपासून बसस्टँडवर जाऊन बसली होती. बस आली तेव्हा दारापाशी उभी राहिली आणि उतरणाऱ्या एकेकाच्या तोंडाशी तोंड नेऊन बघत होती. लोक बाजूला सरकत होते. सगळे उतरल्यावर तिनं कंडक्टरला विचारलं.

मी म्हटलं, मुलीला बरं नव्हतं रे.

भाचा म्हणाला, "कंडक्टरनं सांगितलं आईला काय ते." आणि फोन ठेवला.

काय सांगितलं असेल? असल्या लोकांना नेमकं वर्णन करता येत नाही.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार.

काल दिवसभर घरात झाकणांचा तेवढा आवाज.

आज सकाळी हिनं सांगून टाकलं, "रविवारी मी आणि बटण जातो. तुम्ही घरी थांबा." मी म्हटलं, हा काय न्याय झाला? रस्ता नीट असता, बस नवी असती, पुढची सीट मिळाली असती, तर गेलोच होतो की आपण. ही म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. अहो, तुम्हाला गाडी लागते. लग्न करून आणलंत तेव्हा मला टांग्यातून आणलंत आणि निम्म्या वाटेत उतरून टांग्यामागून चालत आलात. लोक म्हणाले, नवरदेव किती साधा! मी तेव्हाच ओळखलं."

टांग्यामागून मी घोड्याला ओझं नको म्हणून चाललो होतो. भूतदया.

पण रविवार ठरला. लेकीनंही तिकडूनच शिक्का मारला. अक्काला कळवलं का, विचारलं, तर ही म्हणाली, कळवलंय. काय म्हणाली? "हसली." आणि? "म्हणाली, बघते मी."

बघते मी. अक्का हे कसं म्हणू शकते?

२३ फेब्रुवारी, शनिवार.

झोप नाही, भूक नाही. वाचायला घेतलं, ओळी हलतात. हिची बॅग अगदीच लहान. दुपटी, बाटली, चार कपडे. प्लॅनिंग नाही काही नाही. नकाशा देऊ केला. म्हणाली, "कंडक्टरला रस्ता माहीत असतो."

बटणला मांडीवर घेऊन बसलो. ती माझ्या चष्म्याच्या डबीचं झाकण आपटत होती. तिला म्हटलं, उद्या तू जाशील. तुला एक बाई जवळ घेतील, अगदी जवळ, नाकाला नाक लावतील. घाबरू नकोस. त्या बघत असतील.

मी गेलो असतो तर अक्कानं मलाही एकदा बघितलं असतंच. तिनं बघितलेलं माझं शेवटचं तोंड कुठलं असणार होतं? घाट उतरून आलेलं. हिरवं पडलेलं, तारवटलेल्या डोळ्यांचं. सहा वर्षांचा होतो तेव्हाही तिनं तेच...

वरचा परिच्छेद खोडायचा. उगाच भलतंसलतं लिहिलं गेलं. मला अॅसिडिटी आहे, दुसरं काही नाही.

ठराव : उद्या पहाटे उठून डॉक्टरीणबाईंची गोळी घ्यायची. चूक म्हणून का होईना, माझ्या नावावर आहे. आणि हिच्याआधी जाऊन बसमध्ये बसायचं. पुढची सीट. मग कोण उठवतं बघू.

२४ फेब्रुवारी, रविवार. सकाळी सव्वाअकरा.

ठरावाप्रमाणे पहाटे उठलो. गोळी घेतली. एकीनं काम होईल न होईल म्हणून दुसरीही घेतली. बूट घातले. वेळ होता म्हणून खुर्चीवर दोन मिनिटं टेकलो.

जाग आली तेव्हा दहा वाजून गेले होते. अंगावर दुपटं. बटणचं. बुटांच्या नाड्या कुणीतरी सोडलेल्या.

पण ही घरातच. बटणही. ही म्हणाली, अकराची बस धरू म्हटलं, तुम्हाला असं तोंड उघडं टाकून कसं जायचं? मी म्हटलं, ठीक आहे, अकराची तर अकराची, मीही येतो. ही म्हणाली, "आधी उभे तर राहा."

मी उभा राहण्याचा विचार करत होतो आणि बेल वाजली. टॅक्सीवाला असणार, स्टँडवर सोडायला. तसाच भिंत धरून गेलो. दार उघडलं.

दारात तो कंडक्टर. मिशा पिळलेला. काखेत पिशवी. त्यानं मला बघितलं आणि मागे वळून म्हणाला, "आजी, घर बरोबर आहे. हेच ते, पायथ्याशी उतरलेले."

त्याच्या दंडाला धरून अक्का उभी होती.

पहिल्या बसनं आली. घाटातून. एकटी. मी काहीतरी बोललो असेन, ती म्हणाली, "सर बाजूला धाकल्या, उजेड अडवतोयस."

हिनं बटणला तिच्या हातात दिलं. अक्का तिला घेऊन जिन्याच्या खिडकीशी गेली, जिथं ऊन येतं तिथं, आणि नाकाला नाक लागेल इतकं तिचं तोंड जवळ आणलं. कंडक्टरही उभा होता तसाच. बटणनं अक्काच्या कानातलं ओढलं, मग नाक धरलं. अक्का हलली नाही. कपाळ बघितलं, कान बघितले, हनुवटी बघितली, एकेक दात बघितला. डोळ्यांना पाणी आलं तर दिसायचं कमी होतं म्हणून पदरानं सारखे पुसत होती, आणि पुन्हा बघत होती.

मग म्हणाली, "नाक आपल्या आईचं. भुवया धाकल्याच्या. पोरीचं नशीब!"

कंडक्टर हसला. ही तर इतक्या दिवसांनी हसली.

मग अक्का मला म्हणाली, ये इकडे. माझं तोंडही दोन्ही हातांत धरून तिनं खिडकीकडे वळवलं. बराच वेळ बघितलं. म्हणाली, "आज गाडीत न बसताच हिरवा पडलास?" म्हटलं, गोळी घेतली होती, अक्का. दोन.

आत आल्यावर तिनं पिशवीतून निळा डबा काढला. रंग उडालाय, झाकण तेच. उघडलं. टण्ण. रिकामा, घासूनपुसून लख्ख. मी विचारलं, यात खाऊ कुठला असायचा गं?

"खाऊ कुठला असणार? तू खाल्लेलाच असायचा," अक्का म्हणाली.

मी म्हटलं, आणि ती कविता? तिसरीच्या पुस्तकातली? अक्का म्हणाली, पुस्तकातली कसली, तुझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी बसमध्ये रचलेली. आणि पलंगाच्या कडेला बसून, बटणला मांडीवर हलवत, तिनं चालीवर म्हटलं :

डोंगर आला, डोंगर गेला,
वळणावरती वारा थकला;
पुढल्या वळणी काय घडे?
धाकल्याचा घास डब्यात पडे!

बटणनं झाकण हिसकावून घेतलं आणि जमिनीवर आपटलं. तोच आवाज.

अक्का गुरुवारी परत जाणार. तिला सोडायला मी, ही आणि बटण जायचं ठरलंय. डबा बरोबर घेतोय. बटणसाठी.